आडव्या खात्यातलं शून्य

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी एका पालथ्या पिंपावर कॅरमचा बोर्ड असायचा. वर वायरीला लोंबकळणारा दिवा, बोर्डावर बोरिक पावडर, आणि चारी बाजूंनी आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळलेली आम्ही पोरं. पॉकेटच्या तोंडाशी बसलेली सोंगटी बघून एखाद्याला चेव यायचा. तो स्ट्रायकर सरळ रेषेत सणसणीत हाणायचा. सोंगटी आत जायची आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरही. मिळवलेली सोंगटी परत, वर दंडाची एक. कठड्याला टेकून विडी ओढणारे एक काका दर वेळी तेच म्हणायचे, "अरे, सरळ मारलंस तर तो मागे जाणारच. जरा तिरका मार."

काकांना भौतिकशास्त्र येत नव्हतं. पण सोंगटीला लागल्यावर स्ट्रायकर फारसा वळत नाही, हे त्यांना हाताने कळलेलं होतं. कितीही पातळ किंवा भरीव कट मारा, एकट्या उभ्या सोंगटीला लागलेला स्ट्रायकर आपल्या मूळ रेषेपासून एकवीस-बावीस अंशांपलीकडे वळत नाही. कडेला आपटून तो उलटा येईल, दोन सोंगट्यांना लागून भरकटेल, पण एका सोंगटीच्या एका टकरीने तो काटकोनात कधीच वळणार नाही. ही मर्यादा नेमकी कुठून येते हे मला खूप नंतर, कॉलेजात एका कंटाळवाण्या तासाला वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करताना उमगलं.

शाळेत संवेग अक्षय्यतेचा नियम आपण शिकतो तो बंदुकीवरून. गोळी पुढे, बंदूक मागे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. आधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच. उदाहरण बरोबर आहे, पण एका ओळीतलं आहे. पुढे जाणाऱ्याला अधिक, मागे जाणाऱ्याला उणे, की झालं काम. खरी गंमत टक्कर तिरकी लागते तेव्हा सुरू होते.

तिरक्या टकरीत एकाऐवजी दोन खाती लिहावी लागतात. स्ट्रायकर ज्या दिशेने निघाला ते उभं खातं आणि त्याला काटकोनात असलेलं आडवं खातं. वाण्याकडच्या दोन गिऱ्हाइकांच्या वह्यांसारखी ही खाती अगदी वेगळी असतात. एकातली बाकी दुसऱ्यात वळती करता येत नाही. आणि उभी दिशा स्ट्रायकरच्याच रेषेत धरली असल्यामुळे आडव्या खात्यात सुरुवातीला एक पैही नसते. सुरुवातीला शून्य, तर टकरीनंतरही शून्य. या लेखात पुढे जे काही येणार आहे ते सगळं या शून्याच्या जिवावर.

स्पर्धेच्या नियमांनुसार स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. हिशेब सोपा पडावा म्हणून १५ आणि ५ धरू. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने निघाला, म्हणजे उभ्या खात्यात १५ गुणिले २, तीस जमा. आडव्यात शून्य. आता तो सोंगटीला असा कट देतो की सोंगटी त्याच्या रेषेपासून डावीकडे ६० अंशांत निघते. सोंगटी कुठल्या दिशेने जाणार हे ठरवणं सोपं आहे. स्पर्शाच्या क्षणी दोघांच्या केंद्रांतून रेघ काढा, सोंगटी त्याच रेघेवरून जाते, कारण धक्का त्याच दिशेने बसतो. (कडांच्या घासण्यामुळे थोडा फरक पडतो. पावडर त्यासाठी नसते. ती बोर्डासाठी असते.) टकरीत ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं तर सोंगटी सेकंदाला दीड मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग साडेसात. त्यातला पावणेचार उभ्या खात्यात आणि साडेसहा आडव्या खात्यात, डावीकडे. उरलेला व्यवहार स्ट्रायकरच्या नावावर: उभ्या खात्यात तीस वजा पावणेचार, म्हणजे सव्वासव्वीस. आडव्यात मात्र साडेसहा उजवीकडे असलेच पाहिजेत, नाहीतर शून्य जुळणार नाही. त्यामुळे स्ट्रायकर उजवीकडे कलतो, पण किती? जेमतेम चौदा अंश.

एकाचं ६० आणि दुसऱ्याचं १४. आडवा संवेग दोघांचा समसमान. पण स्ट्रायकर तिप्पट जड असल्यामुळे तेवढ्याच संवेगात तो एक-तृतीयांश वेगाने सरकतो, शिवाय उभ्या दिशेतली त्याची धाव जवळपास शाबूत असते.

आडवं खातं ही कल्पना आज इतकी सरळ वाटते, पण ती सुचायला युरोपातल्या भल्याभल्यांना वेळ लागला. १६४४ साली रने देकार्तने आपल्या ग्रंथात टकरींचे सात नियम दिले. जगातली 'गतीची एकूण मात्रा' कायम राहते हा त्याचा विचार थोर होता. गडबड अशी की त्याने ही मात्रा मोजताना दिशा सोडून दिली. नुसता आकार आणि नुसती चाल. त्यामुळे त्याचा चौथा नियम सांगतो की लहान वस्तू स्वतःहून मोठ्या, स्थिर वस्तूला कितीही जोरात धडकली तरी तिला हलवू शकत नाही. आमच्या जिन्यावरच्या कुठल्याही पोराने बोर्डावर स्ट्रायकर ठेवून, त्यावर सोंगटी टिचकीने मारून देकार्तला खोटं पाडलं असतं. देकार्तला या आक्षेपाची कल्पना होती. प्रत्यक्षात आजूबाजूच्या पदार्थांचा हस्तक्षेप होतो, म्हणून अनुभव वेगळा दिसतो, असा त्याचा बचाव होता. मला हा बचाव ओळखीचा वाटतो. नेम चुकला की बोर्ड वाकडा असतो.

त्याला दुरुस्त केलं ते डच गणिती क्रिस्तियान हायगेन्सने. १६५० च्या दशकातच त्याने टकरींवर स्वतंत्र प्रबंध लिहून ठेवला होता. तो पूर्ण छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७०३ साली. त्यातले नियम मात्र त्याने १६६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. जॉन वॉलिस आणि ख्रिस्तोफर रेन यांनीही त्याच सुमारास आपापली उत्तरं पाठवली होती. हायगेन्सने दाखवलं की एका दिशेने होणारी गती अधिक आणि उलट दिशेची उणे धरली तरच बेरीज कायम राहते. आणि त्याची युक्ती फार देखणी आहे. कालव्यातून संथ जाणाऱ्या होडीत एक माणूस दोन गोळे एकमेकांवर आपटतो आहे. काठावरून दुसरा माणूस ते पाहतो आहे. होडीतल्याला जी टक्कर दोन सारख्या वेगांची दिसते, ती काठावरच्याला एक स्थिर आणि एक धावता अशी दिसते. टक्कर एकच, पाहणारे दोन. मग ज्याच्या जागेवरून ती सर्वांत सोपी दिसते त्याच्या जागेवरून ती सोडवावी आणि उत्तर काठावर आणावं.

हीच होडी आपण कॅरमच्या बोर्डावर घालू. स्ट्रायकर आणि सोंगटी यांच्या सामाईक गुरुत्वमध्याबरोबर एक मुंगी चालली आहे असं समजा. टकरीमुळे या मध्याच्या वेगात काडीचाही फरक पडत नाही, संवेग अक्षय्य असण्याचा हाच दुसरा अर्थ. मुंगीला दोन्ही चकत्या समोरासमोरून येताना दिसतात, आपटतात आणि त्याच चालीने दूर जातात. ऊर्जा वाया गेली नाही तर चाल तीच, फक्त दिशा बदलते. म्हणजे मुंगीला फक्त ही दिशा शोधायची उरते.

आता कागद-पेन्सिल घ्या. स्ट्रायकरचा मूळ वेग चार सेंटिमीटरने दाखवायचा असं ठरवून एका बिंदूतून सरळ वर तीन सेंटिमीटरची रेघ काढा. हा गुरुत्वमध्याचा वेग. रेघेच्या टोकाशी एक सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मुंगीला दिसणारी स्ट्रायकरची चाल म्हणजे ही त्रिज्या. स्ट्रायकर आधी वर्तुळाच्या सर्वांत वरच्या टोकावर असतो, म्हणजे चार सेंटिमीटरवर. टकरीनंतर तो वर्तुळावर कुठेही जाऊ शकतो, मात्र वर्तुळावरच. मूळ बिंदूपासून तिथपर्यंत बाण काढला की स्ट्रायकरचा नवा वेग मिळाला. सरळ मार दिला तर तो वर्तुळाच्या तळाला, दोन सेंटिमीटरवर येतो: दिशा तीच, वेग निम्मा. सोंगटीच्या मागोमाग पॉकेटात जाणारा स्ट्रायकर तो हाच. आणि जास्तीत जास्त वळण किती? मूळ बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढा. कोन येतो साडेएकोणीस अंश. सोंगटी साडेपाच ग्रॅमची घेतली तर साडेएकवीस. प्रत्यक्षात लाकडाच्या त्या 'टक्' आवाजात थोडी ऊर्जा जातेच, पण त्यामुळे टोक वर्तुळाच्या आत येतं. बाहेर जात नाही. म्हणून ही मर्यादा ओलांडली जात नाही.

आता दोन्ही चकत्या सारख्याच वजनाच्या घ्या, म्हणजे सोंगटीने सोंगटी मारा. गुरुत्वमध्याची रेघ दोन सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्याही दोन. वर्तुळ बरोबर मूळ बिंदूतून जातं. मारणाऱ्या सोंगटीचा वेग म्हणजे मूळ बिंदूपासून वर्तुळावरच्या बिंदूपर्यंतचा बाण, आणि मार खाणाऱ्या सोंगटीचा वेग म्हणजे तिथून वर्तुळाच्या वरच्या टोकापर्यंतचा बाण. व्यासाच्या दोन टोकांतून वर्तुळावरच्या बिंदूला जाणाऱ्या दोन रेघा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे नववी-दहावीच्या भूमितीत घोकलेलं प्रमेय इथे अचानक कामाला येतं. सारख्या वस्तुमानाच्या दोन वस्तूंची तिरकी टक्कर झाली, एक आधी स्थिर असली आणि ऊर्जा वाया गेली नाही, तर त्या एकमेकींशी काटकोन करूनच दूर होतात. कट पातळ असो की भरीव.

बिलियर्ड्स आणि स्नूकरवाले या काटकोनावर पोट भरतात. तिथले चेंडू सारख्या वजनाचे. सरळ मार दिला तर मारणारा चेंडू जागीच थांबतो, कॅरमसारखा मागोमाग जात नाही. अर्थात चेंडू गडगडत येत असेल तर टकरीनंतर त्याचं गडगडणं त्याला पुन्हा पुढे ओढतं आणि काटकोन वाकतो. कॅरमच्या चकत्या गडगडत नाहीत, घसरतात. म्हणून भौतिकशास्त्राच्या धड्यासाठी कॅरम जास्त प्रामाणिक खेळ आहे असं माझं मत आहे. हे मत पुण्यात सांगताना जरा जपून, कारण जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद १९५८ साली भारताला पहिल्यांदा मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले.

तिसरी शक्यता राहिली. मारणारा हलका आणि मार खाणारा जड. मग वर्तुळ इतकं मोठं होतं की मूळ बिंदू त्याच्या पोटात जातो. आता बाण कुठल्याही दिशेला काढता येतो, अगदी सरळ मागेसुद्धा. हलकी वस्तू जड वस्तूवर आपटून उलटी येऊ शकते, पण जड वस्तू हलक्या स्थिर वस्तूवर आपटून कधीही उलटी येत नाही. हे एवढं वाक्य घेऊन आपण चाळीतून थेट मँचेस्टरला जाऊ शकतो.

१९०९ साली तिथे हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण मारत होते. सुमारे आठ हजारांतला एक कण पत्र्यावरून उलटा येत होता. अणू म्हणजे धनभाराचा विरळ गोळा आणि त्यात पेरलेले इलेक्ट्रॉन, अशी तेव्हाची समजूत. मग कण आपटला कशावर? इलेक्ट्रॉनवर नक्कीच नाही. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड असतो. आपल्या आकृतीत रेघेच्या टोकाचं वर्तुळ आता ठिपक्यासारखं आहे. स्पर्शिकेचा कोन एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. हत्तीने वाटेतली चिलटं उडवत जावं तसा अल्फा कण इलेक्ट्रॉनांमधून जातो. त्याला उलटं फिरवायला त्याच्यापेक्षा जड काहीतरी एकाच ठिकाणी गोळा झालेलं हवं. सोन्याचं अणुकेंद्र त्याच्या जवळजवळ पन्नास पट जड. अर्नेस्ट रदरफर्डने १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली, तिच्यात विद्युतबलाचं गणित मोठं आहे, पण चिलटांना वगळण्याचं पहिलं काम आपल्या या स्पर्शिकेनेच होतं.

रदरफर्ड पुढे केंब्रिजला गेला आणि तिथे त्याने पॅट्रिक ब्लॅकेट नावाच्या, आरमारातून आलेल्या तरुणाला मेघकक्षाचं काम दिलं. मेघकक्षात कण गेला की त्याच्या वाटेवर बाष्पाचे थेंब जमून पांढरी रेघ उमटते. अल्फा कण वाटेत कुठल्या अणुकेंद्रावर आपटला की रेघेला दोन फाटे फुटतात, बेचकीसारखे. ब्लॅकेटने ते फाटे मोजले. कक्षात हीलियम वायू असला की दोन फाट्यांमध्ये काटकोन. अल्फा कण हे हीलियमचंच केंद्र असल्यामुळे ही सोंगटी-सोंगटीची टक्कर झाली. हायड्रोजन असला की अल्फा चौपट जड, तो साडेचौदा अंशांपलीकडे वळत नाही. ऑक्सिजनसारखा जड वायू असला की बेचकी काटकोनाहून रुंद. डोळ्यांना कधीही दिसणार नाहीत अशा दोन वस्तूंपैकी जड कोण, हे नुसत्या कोनमापकाने सांगता येत होतं. इतका स्वस्त वजनकाटा दुसरा नसेल.

मग नायट्रोजनची पाळी आली. ब्लॅकेटने सुमारे तेवीस हजार फोटो काढले, त्यांत चार लाखांहून जास्त रेघा. त्यातल्या आठ बेचक्या हिशेबात बसेनात. साध्या टकरीने जे कोन यायला हवे होते ते येत नव्हते, आणि टकरीनंतरचा अल्फा कण कुठेच दिसत नव्हता. एक बारीक लांब फाटा प्रोटॉनचा, एक जाड आखूड फाटा दुसऱ्या केंद्राचा, बस. नायट्रोजनने अल्फा कण गिळला होता आणि त्यातून ऑक्सिजनचं केंद्र तयार झालं होतं. एका मूलद्रव्याचं दुसरं होताना टिपलेलं, १९२५ साली प्रसिद्ध झालेलं हे छायाचित्र म्हणजे खरं तर न जुळलेल्या हिशेबाचा पंचनामा. चार लाखांत आठ! मला त्या शोधापेक्षा त्या चिकाटीचं जास्त अप्रूप वाटतं.

त्याच सुमारास खुद्द संवेगाच्या नियमावरच संशय घेतला गेला. १९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टनने क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतात ते तंतोतंत कॅरमच्या हिशेबाने, असं दाखवलं होतं. प्रकाशाचा कणसुद्धा आडवं खातं सांभाळतो. नील्स बोरला प्रकाशाचे कण ही कल्पनाच पटत नव्हती. १९२४ साली त्याने क्रामर्स आणि स्लेटर यांच्यासोबत एक प्रस्ताव मांडला: अणूंच्या जगात ऊर्जा आणि संवेग फक्त सरासरीने जुळतात, एकेका टकरीत जुळतीलच असं नाही. लाखो व्यवहारांची गोळाबेरीज बरोबर, पण एकेक पावती चुकीची असू शकते, असा काहीसा प्रकार. हे तपासायचं तर एकेक टक्कर पकडायला हवी. कॉम्प्टन आणि सायमन यांनी मेघकक्ष वापरून विखुरलेला किरण कुठे गेला आणि इलेक्ट्रॉन कुठे उडाला हे जोडीजोडीने तपासलं. बर्लिनमध्ये बोथे आणि गायगर यांनी दोन गणकांनी दोघांची वेळ जुळते का ते पाहिलं. १९२५ मध्ये दोन्हीकडून निकाल आला: प्रत्येक पावती चोख. बोरचा प्रस्ताव वर्षभरात बाद झाला.

काटकोनाचा नियम मात्र एका बाबतीत खरंच मोडला. अतिवेगवान इलेक्ट्रॉन दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर आपटला की दोन फाट्यांतला कोन ९० अंशांहून कमी भरतो, असं चॅम्पियन नावाच्या संशोधकाने १९३२ साली मेघकक्षातल्या फोटोंवरून दाखवलं. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाला संवेग म्हणजे नुसतं वस्तुमान गुणिले वेग राहत नाही, आईन्स्टाईनच्या सूत्राने तो वाढतो. त्या सूत्राने हिशेब केला की दोन्ही खाती पुन्हा जुळतात. संवेगाची व्याख्या बदलली, आडव्या खात्यातलं शून्य तसंच राहिलं.

जरा रस्त्यावर येऊ. चौकात पूर्वेकडे जाणारी १२०० किलोची मोटार आणि उत्तरेकडे जाणारी १८०० किलोची जीप एकमेकींत घुसतात आणि एकत्र अडकून ईशान्येला, बरोबर ४५ अंशांत, आठ मीटर घसरत जाऊन थांबतात. जीपवाला शपथेवर सांगतो, "साहेब, तीसच्या वर नव्हतो." इथे ऊर्जा टिकल्याचा प्रश्नच नाही, पत्रा चुरगळण्यात ती बरीच गेली. पण संवेग गेलेला नाही. टक्कर इतक्या थोड्या वेळात आटोपते की त्यात रस्त्याच्या घर्षणाला फारसं काही करता येत नाही. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर आठ मीटरच्या घसरणीवरून टकरीनंतरचा वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास निघतो. ४५ अंश म्हणजे दोन्ही खात्यांत सारखी रक्कम. ती वजनांनी भागली की जीप ताशी सुमारे ४४ वर होती आणि मोटार सुमारे ६७ वर. अपघाताचा तपास करणारे जाणकार चाकांचे ओरखडे आणि त्यांचे कोन मोजत बसतात ते यासाठी. शपथ कशीही घेता येते, कोन बदलता येत नाही.

आणि आता कुलाबा. म्हणजे आधी जिनिव्हा, मग कुलाबा.

मोठ्या त्वरकात दोन प्रोटॉन समोरासमोरून आपटतात, तेव्हा खरी टक्कर प्रोटॉनांच्या पोटातल्या क्वार्क आणि ग्लुऑन यांची असते. प्रोटॉनच्या संवेगाचा किती वाटा त्यातल्या कुणाकडे होता हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं, आणि उरलेल्या चिंध्या नळीतूनच पुढे निघून जातात. म्हणून झोताच्या दिशेचं खातं लिहिण्यात अर्थ नाही. पण झोताला आडव्या असलेल्या प्रतलात? तिथे आधी काहीच नव्हतं. आपलंच शून्य. टकरीतून शेकडो कण उडोत, आडव्या प्रतलातल्या त्यांच्या बाणांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली, तर कुणीतरी न दिसता सटकलं.

१९८३ च्या जानेवारीत जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने डब्ल्यू बोसॉन सापडल्याचं जाहीर केलं ते याच तर्काने. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरींचा डोंगर उपसल्यावर कार्लो रुबियाच्या गटाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घटना मिळाल्या. प्रत्येकीत एका बाजूला जोरदार इलेक्ट्रॉन आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. आडवं खातं एका बाजूला कललेलं. जो तिथे दिसत नव्हता तो न्यूट्रिनो, आणि दोघांना जन्म देऊन गेलेला तो डब्ल्यू, प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड. पुढच्याच वर्षी रुबिया आणि सिमॉन फान डर मेर यांना नोबेल मिळालं.

असा शोध घ्यायचा तर शोधक यंत्राला कुठे भोक राहून चालत नाही. एखाद्या फटीतून साधा, ओळखीचा कण निसटला तरी खातं तसंच कललेलं दिसणार. आजच्या त्वरकावरच्या सीएमएस या सुमारे चौदा हजार टनांच्या यंत्रात ही अडचण होती. कणांची ऊर्जा शोषणारे थर प्रचंड चुंबकाच्या आत बसवायचे, तर मध्यभागी जागा अपुरी. फार जोरात आलेले काही कण पूर्ण न शोषले जाता चुंबकाबाहेर झिरपणार. म्हणून चुंबकाच्या बाहेर प्रकाश देणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्यांचा आणखी एक थर लावला, निसटलेलं शेवटचं नाणं टिपायला. तो बाहेरचा थर घडवण्यात मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. सर्नच्या शंभर मीटर खोल विवरात आडव्या खात्याची राखण करणारा हा भाग कुलाब्याशी नातं सांगतो.

डब्ल्यूच्या वेळी हरवलेला संवेग न्यूट्रिनोचा निघाला. आता त्याच पद्धतीने कृष्णपदार्थाचा (डार्क मॅटरचा) कण शोधणं चालू आहे. खातं कललेलं दिसलं की कुणी लगेच शॅम्पेन उघडत नाही. आधी यंत्राचा एखादा कप्पा मेलेला नाही ना, इलेक्ट्रॉनिक्समध्ये खरखर नाही ना, झोताच्या नळीतून भटकलेला एखादा कण आडवा आला नाही ना, हे तपासणाऱ्या गाळण्यांतून ती घटना जाते. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. जिन्यावर आम्ही नेम चुकला की बोर्डाला दोष द्यायचो आणि काका हसायचे. इथे मात्र पहिला संशय बोर्डावरच घ्यायची रीत आहे.